पोपटाला दाणे कोण घालतं?

सात समुद्रांपलीकडे एक बेट. बेटावर वडाचे झाड, झाडाच्या ढोलीत पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव. कोरेगाव भीमाच्या एका भाड्याच्या खोलीत सात-आठ मुलांना मी ही गोष्ट सांगत होतो. सणसवाडी-शिक्रापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या माणसांची ही मुले; कोणी परभणीकडचे, कोणी बुलढाण्याचे, दोघे पार बिहारमधले. राजपुत्राची होडी बेटाला लागली, सगळे श्वास रोखून बसलेले, आणि तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीने हात वर केला. "काका, राक्षस तर इकडं राजवाड्यात राहतो ना? मग तिकडं पोपटाला दाणे कोण घालतं?"

मला उत्तर सुचेना. मुलांनाच सुचले. एक म्हणाला, राक्षसाची म्हातारी आई घालत असेल. दुसरा म्हणाला, त्याच्यात जीव ठेवलाय म्हटल्यावर त्याला भूकच लागत नसणार. मुलीला दोन्ही पटले नाही. थोडा वेळ ती गप्प बसली आणि मग तिनेच निकाल दिला : "राक्षस इकडं जेवला की तिकडं पोपटाचं पोट भरत असंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. गोष्ट पुढे निघाली.

ज्या अभ्यासाच्या दारात मी वाचकाला बोलावतो आहे, तो सगळा या दोन मिनिटांत सापडतो. जीव पोपटात ठेवता येतो, याबद्दल त्या मुलीला काडीचीही शंका नव्हती. तिची अडचण दाण्यांची होती. अशक्य गोष्ट तिने बिनतक्रार घेतली. पण त्या अशक्याचा घरसंसार नीट लागला आहे की नाही, हे तिला तपासून हवे होते. परीराज्यात घडणारी कादंबरी वाचून माणसे जी मते देतात, ती बहुतेक याच जातीची असतात. ‘परी नसतेच’ असे सांगून पुस्तक मिटणारा वाचक क्वचित भेटतो. ‘परीला सगळे येत होते, मग ती सुरुवातीलाच का नाही सुटली?’ असे विचारणारा मात्र पावलोपावली भेटतो. आपल्याकडे कादंबरीचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. या विचारणाऱ्यांचा इतिहास अजून लिहायचा आहे, आणि त्यासाठी हात कमी पडतात.

आधी आपले परीराज्य कुठे आहे ते पाहू. ‘परी’ हा शब्द फारसीतून आला. तो आला तेव्हा त्याची जागा मोकळी नव्हती. तुळापूरला इंद्रायणीला पोटात घेऊन भीमा कोरेगावच्या पुलाखालून जाते. या नदीच्या काठाने चालत गेले की एखाद्या डोहापाशी सात दगड एका ओळीत मांडलेले दिसतात. शेंदूर फासलेला, पुढे हिरव्या बांगड्या, कधी लिंबू, कधी वाळून गेलेला दहीभात. या साती आसरा. ‘अप्सरा’ शब्द खेड्यापाड्यांतून फिरत फिरत आसरा झाला, पण स्वभाव पुष्कळ बदलला. इंद्राच्या दरबारातली अप्सरा नाचते आणि तपस्व्याला भुलवते. आसरा पाण्याची मालकीण आहे. भरल्या दुपारी एकट्या बाईने, लहान पोराने डोहाकडे जाऊ नये, कारण आसरा धरतात. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या वाटा पायी तुडवत अशा देवतांची ठाणी नोंदवत गेले, आणि १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या त्यांच्या पुस्तकात मावळातल्या मावळाया आणि या जलदेवता अभ्यासाच्या मध्यभागी आल्या. पुढे अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्यांवर लिहिताना त्यांचा सविस्तर विचार केला.

हे सांगण्याचे कारण असे की मराठी वाचक परीराज्याच्या कादंबरीकडे कोरा येत नाही. पंख लावलेली, हातात चांदणीची कांडी घेतलेली परी त्याने चित्रांतून पाहिलेली असते, पण पाण्यात राहणाऱ्या, मान द्यावा लागणाऱ्या, चुकले तर धरणाऱ्या बायका त्याने त्याआधी आजीकडून ऐकलेल्या असतात. म्हणून परी फार गोड झाली की आपल्याकडचा वाचक बिचकतो. तिला काहीच नको, ती रागावत नाही, तिचा कुठला नेम नाही, हे त्याला खरे वाटत नाही. जर्मनीत हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली वाचकाच्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’ची कल्पना मांडली : प्रत्येक काळातला वाचक काही ठरावीक अपेक्षा बरोबर घेऊनच पुस्तक उघडतो, आणि पुस्तकाचे मोल त्या अपेक्षांशी होणाऱ्या झटापटीत ठरते. भीमाकाठच्या वाचकाच्या क्षितिजावर ते सात दगड आहेत. ते न पाहता त्याचा अभिप्राय समजत नाही.

आता या क्षेत्रातल्या सर्वांत जुन्या नोंदीकडे येतो. ती आपल्याच मातीतली आहे, आणि मला ती फार प्रिय आहे.

गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आजच्या पैठणात, सातवाहन राजा होता आणि गुणाढ्य त्याचा मंत्री. जलक्रीडेत राणी राजाला म्हणाली, मला ‘मोदकैः’ मार. तिला म्हणायचे होते ‘मा उदकैः’, पाण्याने मारू नकोस. संस्कृत न येणाऱ्या राजाने लाडू मागवले आणि राणी हसली. लाजलेल्या राजाला संस्कृत शिकवण्याची पैज लागली. सहा महिन्यांत शिकवीन असे शर्ववर्मा म्हणाला. तसे झाले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, असे गुणाढ्य बोलून बसला आणि हरला. मुका होऊन तो विंध्याच्या अरण्यात गेला, तिथे पिशाचांची भाषा शिकला, आणि शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने सात वर्षांत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली. कथा विद्याधरांची. विद्याधर म्हणजे आकाशात फिरणारे, विद्या साधलेले, माणसासारखे प्रेम करणारे आणि माणसासारखे भांडणारे लोक. परीराज्य म्हणायचे तर याहून नेमके परीराज्य आपल्या परंपरेत दुसरे नाही. शिष्यांनी ती कथा राजाकडे नेली. राजाने नाक मुरडले : भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची, कशाला हवी? गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटवला. एकेक पान तो जवळच्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि आगीत टाकी. हरणे, डुकरे, रेडे चरायचे सोडून भोवती गोल करून बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होते. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस वाळलेले येते आहे. स्वयंपाक्यांनी शिकाऱ्यांना दटावले, शिकाऱ्यांनी रानातली हकीकत सांगितली, आणि राजा धावत गेला तेव्हा एकच लाख श्लोक उरले होते : विद्याधरांचा चक्रवर्ती होणाऱ्या नरवाहनदत्ताची कथा.

ही हकीकत काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’च्या सुरुवातीला सांगितली आहे. मूळ बृहत्कथा आज नाही. सोमदेवाचा ग्रंथ, क्षेमेंद्राची ‘बृहत्कथामंजरी’, बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’ आणि जैनांची ‘वसुदेवहिंडी’ यांतून तिची छाया दिसते. गुणाढ्याची हकीकत घडली की नाही, हा वेगळा प्रश्न. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, परीराज्याच्या ग्रंथाने आपल्या आरंभी स्वतःच्या वाचकांची गोष्ट ठेवली आहे. आणि तीत दोन अभिप्राय आहेत. एक न वाचता दिलेला : भाषा हलकी, शाई अमंगळ. दुसरा ऐकून दिलेला, पण शब्दांत नाही. तो चारा सोडण्यात आहे, सुकत चाललेल्या अंगांत आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्याला हे दोन्ही अभिप्राय आयुष्यभर भेटत राहतात. परीकथा, जादूच्या कादंबऱ्या, भुताखेतांची पुस्तके यांच्याविषयी शहाण्यासुरत्या माणसांनी दिलेले शेरे पाहिले तर त्यांतले कितीतरी राजाच्या पहिल्या शेऱ्यासारखे असतात. आणि जेवणाची हाक ऐकू न आलेले पोर हे गुणाढ्याच्या हरणांच्या रांगेतले आहे. तिथे अभिप्राय ओठांवर नसतो, थंड झालेल्या ताटात असतो.

याच काश्मिरात, सोमदेवाच्या काही दशके आधी, अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या आपल्या टीकेत आस्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांतले पहिलेच विघ्न आपल्या विषयाचे आहे : जे दाखवले जाते आहे ते संभवनीयच वाटत नसेल, तर मन तिथे टेकणार कसे? त्याने उपायही सांगितला आहे. समुद्र ओलांडण्यासारखी लोकविलक्षण गोष्ट दाखवायची असेल तर रामासारखा प्रख्यात नायक घ्यावा. कारण त्याच्याविषयीचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या मनात मुरलेला असतो. इंग्रज कवी कोलरिज याने १८१७ साली अविश्वास आपखुशीने बाजूला ठेवण्याची गोष्ट केली, ती जगभर गाजली. अभिनवगुप्ताचे निरीक्षण मला अधिक उपयोगी वाटते, कारण ते विश्वास येतो कुठून हे सांगते. रामाचा सेतू वाचकाला शंका घेऊ देत नाही. पण ज्या कादंबरीतला राजपुत्र कालपर्यंत कोणी ऐकलेला नव्हता, त्याच्यामागे मुरलेला विश्वास नाही. तो विश्वास लेखकाला पानोपानी, दाण्या-दाण्याने मिळवावा लागतो. नव्या परीराज्याचा वाचक इतका कडक का असतो, याचे हे कारण आहे. आणि पोपटाच्या दाण्यांचा प्रश्न रामायणाच्या वेळी सहसा कोणी विचारत नाही, याचेही.

कहाण्यांपाशी मी इथे थोडाच थांबतो, खरे तर त्यांच्यावर वेगळा ग्रंथ हवा. श्रावणात घराघरांत वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांतले आटपाट नगर हे मराठी परीराज्याचे सर्वांत रुळलेले ठिकाण. नागकन्या, देवकन्या तिथे रानात वसा घेताना सहज भेटतात. आदित्य राणूबाईच्या कहाणीत राणी हातात मोती घेऊन कहाणी ऐकणारा शोधत फिरते. भुकेला मोळीविक्या ऐकतो, माळी ऐकतो, म्हातारी ऐकते, आणि ऐकणाऱ्याचे काहीतरी बरे होते. सांगणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्यालाही गोष्टीच्या आत स्थान आहे. ज्या समाजात बायका शतकानुशतके अशा गोष्टी ऐकत आल्या, त्या समाजात छापील कादंबरी आली तेव्हा वाचकाची भूमिका काही शून्यातून सुरू झाली नाही.

छापील कादंबरीचा प्रसंग मात्र भांडणाचा होता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आल्या आणि जिनांची, दिव्यांची, उडत्या गालिच्यांची चटक मराठी घरांना लागली. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ निघाली. तिच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी मनातली अडचण उघड सांगितली. आपल्या लोकांच्या विवाहाच्या चालीरीती आणि इतर कारणे अशी की रोजच्या आयुष्यात ना मोठे गुण दिसत, ना मोठे दोष. रोज अनुभवाला येते तेच लिहिले तर वाचणाऱ्याला रस कसा वाटणार? म्हणून करमणूक करायची तर अद्भुताकडे वळणे भाग आहे, असा त्यांचा आशय. पुढच्या समीक्षकांनी या कबुलीवरून रिसबुडांना बरेच कमी लेखले. माझे मत वेगळे आहे. आठव्या-नवव्या वर्षी लग्न होणाऱ्या मुलीला आणि बापाने ठरवलेल्या घरात मान खाली घालून राहणाऱ्या मुलाला आपापल्या पसंतीने एकमेकांना शोधता येईल, अशी जागा त्या काळच्या पुण्या-मुंबईत नव्हती. ती जागा रिसबुडांनी कल्पित नगरात केली. अद्भुत हा त्यांच्यासाठी पळून जाण्याचा रस्ता असेल, पण लोक कुठून पळत होते हेही त्या रस्त्यावरूनच दिसते.

चार वर्षांनी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांच्यावर निबंध लिहिला. एका वाचकाने या नव्या प्रकाराला सविस्तर जाब विचारला, अशी ती मराठीतली आरंभीची मोठी नोंद. संभवनीयतेचा आग्रह हा त्या निबंधाचा कणा आहे. पुढे हरिभाऊ आपट्यांनी आपल्या वास्तववादी कादंबऱ्यांतून त्या आग्रहाला जे उत्तर दिले ते सर्वांना माहीत आहे, त्यावर मी वेळ घेत नाही. १९०२ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ‘कादंबरी’ हा निबंध लिहून अद्भुत आणि वास्तव या दोन प्रवृत्तींचा प्रश्न पुन्हा मोठ्या पटावर मांडला. ही दोन्ही टिपणे नव्या अभ्यासकाने आधी वाचावीत, कारण आजचा वाचक ‘पटत नाही’ म्हणतो तेव्हा तो पुष्कळदा नकळत मराठ्यांचे वाक्य बोलत असतो.

पण या भांडणात सगळे एकाच वस्तीतले होते. लिहिणारे, वाचणारे, जाब विचारणारे सगळे थोडक्या शिकलेल्या घरांतले. म्हणून त्याच वर्षांतल्या एका वेगळ्या वाचनाकडे मी मुद्दाम बोट दाखवतो. १८७३ साली जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात, अशी त्याची संवादाची रचना. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन अशा एकेका अवताराची अद्भुत कथा घेऊन जोतीरावांनी तिला सरळ प्रश्न विचारले : माशाच्या पोटी माणूस जन्मतो कसा? ज्याला तुम्ही राक्षस म्हणता तो मुळात कोण होता? त्याची जमीन कोणी घेतली? अद्भुत कथा राक्षसाच्या बाजूने वाचणारा एवढा निर्भय वाचक मराठीत त्याआधी झाला नाही. गंमत म्हणजे ज्या बायका दिवाळीत ओवाळताना बळीचे राज्य येवो म्हणत होत्या, त्याही आपल्या परीने तीच कथा उलट्या बाजूने वाचत होत्या. फुल्यांनी त्या ओवाळणीला ग्रंथाचे बळ दिले.

मी हे कोरेगाव भीमात बसून लिहितो आहे, त्यामुळे ही बाजू मला बाजूला सारता येत नाही. दर १ जानेवारीला नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीतल्या विजयस्तंभापाशी महाराष्ट्रभरातून लोक येतात. १८१८ च्या लढाईतल्या महार सैनिकांची ती आठवण. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले होते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेने पुस्तकांचे स्टॉल लागतात, आणि लोक पोराबाळांना कडेवर घेऊन, पिशव्या भरभरून पुस्तके नेतात. इतिहास, चरित्रे, बाबासाहेबांचे ग्रंथ. तिथे एका मध्यमवयीन माणसाला मी विचारले होते, मुलांसाठी जादूची, पऱ्यांची पुस्तके घेता का? तो शांतपणे म्हणाला, "घेतो कधीमधी. पण आधी बघतो, त्यात आमच्यासारखा कोण आहे. बहुतेक राक्षसच निघतो." या एका वाक्यात फुल्यांचे वाचन दीडशे वर्षे चालत आले आहे. परीराज्यातही गाव असते, गावात वेस असते, वेशीबाहेर कोणीतरी असते. लेखकाने त्याचा विचार केला नसेल, वाचक करतो. हा अभिप्राय साहित्यबाह्य आहे असे म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. पोपटाच्या पोटाची काळजी करणाऱ्या त्या चौथीतल्या मुलीचा प्रश्न आणि या माणसाचा प्रश्न एकाच घरचे आहेत. दोघेही विचारतात, हे जग चालते कोणाच्या जिवावर?

विसाव्या शतकात अद्भुताला समीक्षकांनी फारसे विचारले नाही, वाचकांनी मात्र डोक्यावर घेतले. गो. ना. दातारांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या आधारे ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांसारख्या कादंबऱ्या लिहिल्या. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ ची. शिकारीच्या वेळी कड्यावरून पडून कमरेखालचे शरीर लुळे झालेला हा लेखक अंथरुणाला खिळून घोडदौडीची, तटांवरून उड्या टाकण्याची वर्णने लिहीत होता. त्याच्या वाचकांना हे पुष्कळदा ठाऊक नसे. पुढे नारायण धारपांनी भय आणि अद्भुत यांचे जे जग उभे केले, ते सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांच्या फळ्यांवरून घरोघर गेले. मुलांसाठी १९५२ पासून मराठी ‘चांदोबा’ मासिक होते. त्यातल्या वेताळाच्या प्रश्नाचे उत्तर पान उलटण्याआधी आपण द्यायचे, ही शर्यत कितीतरी भावंडांनी लावली असेल. वेताळाची गोष्ट ही तर मुळातच वाचकाच्या अभिप्रायावर उभी आहे : गोष्ट संपली, आता सांग, कोणाचे चुकले?

या साऱ्या वाचकांची मते कुठे मिळतात? वर्तमानपत्रांतल्या परीक्षणांत थोडी, मासिकांना आलेल्या पत्रांत थोडी. पण माझा खरा भरवसा वाचनालयातल्या प्रतींवर आहे. एका जुन्या अद्भुत कादंबरीची प्रत माझ्या हाती आली, तिचे कव्हर केव्हाच गेलेले, पुठ्ठा सुतळीने शिवलेला. मागच्या देवघेवीच्या कागदावर तारखांचे शिक्के इतके दाट की एकावर एक चढलेले. आत पेन्सिलीचे शेरे. गुहेत दार उघडते त्या पानावर कोणीतरी ‘वा!’ लिहिले आहे. पुढे नायिका तिसऱ्यांदा बेशुद्ध पडते तिथे वेगळ्या, बाईच्या वाटणाऱ्या अक्षरात ‘पुन्हा?’ एवढेच. शेवटून चौथ्या पानावर, जिथे सगळे कोडे एका योगी पुरुषाच्या येण्याने सुटते, तिथे तिसऱ्या हाताने ठसठशीत लिहिले आहे : ‘हा आधी कुठे होता?’ त्याखाली आणखी कोणीतरी, कदाचित वर्षांनंतर, बरोबरची खूण केली आहे. चार माणसांनी एकमेकांना न भेटता केलेली ही समीक्षा आहे. परीराज्यात योगी पुरुष यायला हरकत नव्हती. तो आयत्या वेळी आला, ही हरकत होती.

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचायला दिल्या, त्यांनी लिहून दिलेली मते गोळा केली आणि १९२९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. रिचर्ड्सना विद्यार्थ्यांच्या चुका शोधायच्या होत्या. आपल्या कामात ती नजर घेऊ नये असे मला वाटते. त्यापेक्षा सी. एस. लुइस यांचा १९६१ मधला विचार जवळचा आहे. पुस्तक कसे आहे हे ठरवायचे तर लोक ते कसे वाचतात ते आधी पाहा, असे ते म्हणतात. आणि जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ साली प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून दाखवून दिले की त्यांच्या लेखी पुस्तकातल्या कथेइतकेच वाचायला बसण्याचे मोल होते : तेवढा वेळ घरातले कोणी त्यांना हाक मारू शकत नव्हते. आपल्याकडे दुपारी भांडी झाल्यावर तासभर धारप वाचणाऱ्या बायकांना कोणी असे विचारले आहे का? विचारायला हवे. भीतीच्या गोष्टी त्यांना का आवडत होत्या, याचे उत्तर कथानकात सापडणार नाही.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टॉल्किन १९३९ च्या एका व्याख्यानात म्हणाले होते की परीकथाकार एक दुय्यम विश्व उभे करतो. त्या विश्वाचे नियम पाळले जात असतील तोवर वाचक आत राहतो, आणि शंका आली की मंत्र तुटून तो बाहेर फेकला जातो. हे खरे आहे, पण त्या मुलीच्या बाबतीत अपुरे आहे. तिला शंका आली तेव्हा ती बाहेर पडली नाही. ती आत थांबली आणि मोडलेली भिंत तिने स्वतः लिंपली. गोष्ट मोठ्याने सांगितली जाते, ऐकणारे सात-आठ असतात, तेव्हा वाचकाला दुरुस्तीचा अधिकार मिळतो. एकट्याने पुस्तक वाचणाऱ्याकडे पेन्सिल असते, तेवढीच. मराठीत ऐकण्याची परंपरा वाचण्याहून कितीतरी लांब आहे, म्हणून या फरकावर काम करायला आपली भाषा फार सोयीची आहे.

एका आक्षेपाचे उत्तर मात्र इथेच दिले पाहिजे, कारण शिक्षक आणि पालक तो कळकळीने घेतात. जादूटोणाविरोधी कायदा होण्यासाठी ज्या महाराष्ट्राला इतकी वर्षे झगडावे लागले आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जीव गेल्यावर २०१३ साली तो कायदा झाला, तिथे मुलांच्या हातात जादूची कादंबरी द्यावी का? मी या प्रश्नाला हलका मानत नाही. डोहाकाठच्या आसरांच्या नावाने एखाद्या आजारी बाईला दवाखान्यात न नेता देवऋष्याकडे नेलेले मी पाहिले आहे. पण मांत्रिक आणि कादंबरीकार यांच्यात एक मोठा फरक आहे. मांत्रिकापुढे प्रश्न विचारता येत नाही. विचारला तर उपाय लागू पडत नाही असे तो सांगतो. परीराज्याची कादंबरी वाचणारे मूल पहिल्या पानापासून प्रश्नच विचारत असते. जीव पोपटात आहे हे ऐकल्यावर दाण्यांची चौकशी करणारी मुलगी उद्या कोणी लिंबू कापून घरातला आजार काढतो म्हणाला, तर त्यालाही विचारील की लिंबात आजार शिरला कसा. असे खात्रीने होतेच का, हे पाहण्यासाठीही याच क्षेत्रात काम व्हायला हवे. मत मांडून थांबण्यापेक्षा मुलांना विचारून पाहणे बरे.

कामाला लागणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. वाचकाला ‘आवडले का?’ असे विचारू नका. ‘हो’ एवढेच हाती लागते. कुठे थांबलात, कोणते पान परत वाचले, कोणाला सांगितलेत, सांगताना काय बदललेत, हे विचारा. सांगताना बदललेला भाग फार मोलाचा असतो, कारण तिथे वाचकाने लेखकावर केलेली दुरुस्ती असते. मुलांचे बोलणे त्यांच्याच बोलीत टिपा. ‘असंल’चे ‘असेल’ करू नका. जे मधेच सोडून गेले त्यांच्याकडे आधी जा. आमच्या भागात शाळेत बसणारी मुले चार जिल्ह्यांची आणि दोन-तीन राज्यांची असतात. एकाच्या घरची आसरा, दुसऱ्याची चुडैल, तिसऱ्याने मोबाइलवर पाहिलेली जलपरी अशा एका बाकावर येतात, आणि मधल्या सुट्टीत त्यांची गाठ पडते. ती बोलणी अजून कोणी लिहून ठेवलेली नाहीत.

त्या खोलीत मी पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. मुलांनी मला गोष्ट सांगू दिली नाही. मागची गोष्ट त्यांनी आठवडाभर आपापसांत पुढे चालवली होती. राक्षस मेला होता, पण पोपट वाचला होता, आणि आता त्याला भूक लागायला लागली होती. चौथीतल्या मुलीने वही काढली. पहिल्या पानावर तिने बेटाचा नकाशा काढला होता : वड, ढोली, किनाऱ्याला लागलेली होडी, आणि एका कोपऱ्यात, ठळक चौकोन करून, ज्वारीचे शेत.